प्रूइटच्या किल्ल्याची पाटी

प्रूइटच्या किल्ल्याच्या पाटीवरचा चेरोकी मजकूर आपल्यालाच लिहायला सांगतील, याबद्दल आयवा रॅटलरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खोऱ्यात दुसरं होतंच कोण? वस्तीच्या सभागृहात बावीस वर्षं ती पोरांना चेरोकी शिकवत होती. चर्चमध्ये जुनं भजन उचलायचं असलं, कुणाच्या मातीला दोन शब्द बोलायचे असले, की सगळ्यांच्या माना आपसूक तिच्याकडे वळत. त्यामुळे जमातीच्या वारसा कचेरीतल्या टायसन वेल्चचा ‘पाटीबद्दल बोलायला येतो’ असा फोन आला, तेव्हा तिने भाकरीसाठी मक्याच्या पिठात घेवडा कालवला, गोळे पानांत बांधले आणि सकाळपासूनच उकडायला ठेवले. नवऱ्याला, नेडला, दाढी करायला लावली.

“पाटी तुझी, मग दाढी माझी का?” नेड म्हणाला. पण केली.

टायसन आला. तिशीतला, गोड बोलणारा मुलगा. त्याने भाकरी दोनदा मागून घेतली. मग हात पुसत, ताटलीकडेच बघत त्याने सांगितलं, की मजकुराचं काम समितीने जिनिव्हा ॲक्सला दिलंय. लिहायचं काम आहे ना, तो म्हणाला. जिनिव्हाबाई लहानपणापासून आपल्या लिपीत वाचत आलेल्या. विद्यापीठातले लोक त्यांचं बोलणं ऐकून गेले, तर म्हणाले, असं जुनं चेरोकी आता कुठे कानावर पडत नाही. आयवामावशींनी फक्त शेवटी एकदा नजर घालावी.

“घालीन की,” आयवा म्हणाली. “नजर घालायला काय लागतं?”

तो गेल्यावर उरलेली भाकर तिने कुत्र्याला घातली. नेडला अजून एक हवी होती. पण बायकोचा चेहरा बघून तो बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला.

जिनिव्हा तिची मावसबहीण. आईच्या बहिणीची मुलगी म्हणजे त्यांच्यात सख्खीच. आणि दोघी वाढल्याही एका छपराखाली, लुलाआजीच्या घरात. जिनिव्हा दोन वर्षांनी धाकटी. एकोणिसाव्या वर्षी ती क्लीव्हलंडला गेली. सरकार त्या दिवसांत डोंगरातल्या पोरापोरींना शहरात नेऊन नोकऱ्या लावून देत होतं. तिथे एका इस्पितळाच्या धुलाईघरात ती लागली, एका पोलिश माणसाशी तिने लग्न केलं, त्याला पुरलं, आणि पंचेचाळीस वर्षांनी, केस कापलेली, ओठ रंगवलेली अशी परत आली. आयवाच्या शेजारच्या घरात राहायला येऊन तिला दोन वर्षंही झाली नव्हती.

परत आली तेव्हा आयवाला तिची थोडी कीवच आली होती. हिची भाषा आता मोडकीतोडकी झाली असणार, आपण हळूहळू शिकवू, असंसुद्धा तिने मनाशी ठरवलं होतं. पण पहिल्याच रविवारी जिनिव्हा चर्चमध्ये प्रार्थनेला उभी राहिली, आणि पुढच्या बाकांवरची म्हातारी माणसं मागे वळून बघायला लागली. ती लुलाआजीची भाषा होती. क्लीव्हलंडमध्ये बोलायला कुणी नव्हतं म्हणून ती कुठे घासली नव्हती, झिजली नव्हती. ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखी जशीच्या तशी बाहेर आली होती. आयवाने आपली भाषा रोज वापरली होती. पोरांसाठी सोपी केली होती, जिथे फाटली तिथे इंग्रजीचं ठिगळ लावलं होतं. एक्क्याण्णव वर्षांचे पोझीमामा त्या दिवशी डोळे पुसत म्हणाले, “लुला परत आली.” चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत.

लुलाआजीचं शेवटची चार वर्षं हगणंमुतणं आयवाने काढलं होतं. आजी गेली तीही आयवाच्या मांडीवर. जायच्या आधी तिने डोळे उघडले, आयवाच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “जिनिव्हा, पाणी दे.” आयवाने पाणी दिलं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती, नेडलाही नाही. बेचाळीस वर्षं ती तिच्या पोटात तशीच होती.

मे महिन्यात जिनिव्हा वही घेऊन आयवाकडे आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, चष्मा लावला आणि केलेला मजकूर वाचायला लागली. आयवा सिंककडे तोंड करून रानभाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात मंदावले. मजकूर चांगला होता. एकेक वाक्य असं बसवलेलं, की बोट ठेवायला जागा नाही. अठराशे अडतीसच्या उन्हाळ्यात सरकारने चेरोकींना त्यांच्या डोंगरांतून उठवलं आणि पश्चिमेला हाकललं. त्याआधी या खोऱ्यातली घरंच्या घरं सैनिकांनी प्रूइटच्या किल्ल्यात आणून कोंडली. किल्ला म्हणजे तट, बुरूज असलं काही नव्हतं. टोकदार खांबांचं कुंपण, आत चिखल आणि माणसं. हे सगळं जिनिव्हाने थोडक्या शब्दांत सांगितलं होतं. आयवाने लिहिलं असतं तर याच्या दुप्पट झालं असतं, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

मग जिनिव्हा थांबली. जे सैनिकांच्या हाती लागले नाहीत, त्यांच्यापाशी तिची गाडी अडली होती. लुलाआजीची आजी त्यांतलीच. आठ वर्षांची होती. आईबरोबर ओढ्याच्या वरच्या लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत अकरा दिवस काढले. तिच्यामुळेच तर हे सगळे इथे होते.

“आजी त्या लोकांसाठी एक शब्द वापरायची,” जिनिव्हा म्हणाली. “लपले असं नव्हे, पळाले असंही नव्हे. रानकोंबडी खुडूक बसते ना, माणूस पायाशी आला तरी अंड्यांवरून हलत नाही, तसे बसून राहिलेले. एकाच शब्दात होतं ते. जिभेवर येतो आणि जातो. तुला आठवत असेल, ताई.”

आयवाला तो शब्द त्याच क्षणी आठवला. आठवला म्हणजे काय, तो तिथेच होता, रोजच्या चमच्यासारखा हाताशी. तिने पाण्याखाली भाजी धरली.

“नाही गं,” ती म्हणाली. “आजी गोष्टी सांगायची त्या तुला. मी झऱ्यावर पाण्याला गेलेली असायचे.”

जिनिव्हाने जरा विचार केला. “हो,” ती म्हणाली, “तेही खरंच.”

ती नुसती ‘असं काय म्हणतेस’ म्हणाली असती, थोडी जरी ओशाळली असती, तरी आयवाने कदाचित पाणी बंद केलं असतं आणि शब्द सांगून टाकला असता. पण ‘तेही खरंच’ म्हणून जिनिव्हा परत वहीत बघायला लागली. ठीक आहे, आयवा मनात म्हणाली. शोध मग.

आठवडाभराने जिनिव्हाचा फोन आला. पोझीमामांना विचारावं म्हणून ती गेली होती, पण ते तेव्हा न्यूमोनियाने इस्पितळात होते, माणूस ओळखत नव्हते. तिकडे कचेरीची मुदत संपत आली होती. “‘डोंगरात पळून गेले’ असं लिहू का? बरं वाटत नाही, पण दुसरं सुचत नाही.”

“लिही की,” आयवा म्हणाली. “लोकांना कळल्याशी मतलब.”

जूनमध्ये टायसन छापील नमुना घेऊन आला. आयवाने ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. तिने लिपी चाळिशीत तक्त्यावरून शिकलेली, त्यामुळे तिला वेळ लागे. आणि आज तिने मुद्दाम जास्त लावला. एखादं अक्षर उलटं पडलेलं असेल, एखादी खूण सुटलेली असेल, म्हणून ती शोधत होती. काही सापडलं नाही. ‘पळून गेले’वर तिचं बोट आलं आणि पुढे सरकलं. तिने खाली सही केली.

“काही चुकलंय का?” टायसन गेल्यावर नेडने विचारलं.

“नाही.”

“मग तोंड का असं?”

“माझं तोंड असंच आहे,” ती म्हणाली. “लग्नात बघून घ्यायचं होतंस.”

पाटी ओतायला गेली. उन्हाळाभर आयवाला बरं वाटत होतं. कुठेतरी एका भट्टीत जिनिव्हाची चूक धातूची होत होती, कायमची, आणि ती चूक आहे हे एकट्या आयवाला ठाऊक होतं. चर्चमध्ये लोक जिनिव्हाभोवती जमले, की ती लांबून बघत राही आणि तिला वाटे, गोळा व्हा, खुशाल व्हा. मात्र रस्त्याकडेची ती जागा, जिथे पाटीसाठी सिमेंटचा ओटा केला होता, तिथून जाताना ती गाडीच्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायची. नेडच्या ते लक्षात आलं होतं. नेडच्या बरंच काही लक्षात येई, फक्त तो बोलत नसे.

सप्टेंबरात शाळा उघडल्यावर पोरांचा वर्ग सुरू झाला. एका दुपारी पोरं अगदी उधळली होती. दोघं टेबलाखाली शिरलेली, एकाच्या नाकातून रक्त. आयवाने रागावून टाळी वाजवली आणि नेहमीचा शब्द उच्चारला. चौदाच्या चौदा पोरांनी आहे त्या जागी गुडघे छातीशी घेतले, मान खाली घातली आणि चिडीचूप बसली. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. आजी त्या दोघींना खुडूक कोंबडीच्या याच शब्दाने गप्प करायची, म्हणून तिनेही पोरांना ती सवय लावली होती. एवढ्या वर्षांत तो तिला शब्दच वाटेनासा झाला होता. टाळीसारखाच एक आवाज.

तिने मान वर केली तर दारात जिनिव्हा उभी होती. अनावरणाच्या कार्यक्रमासाठी सभागृहातल्या घडीच्या खुर्च्या न्यायला आली होती, दोन्ही हातांत दोन खुर्च्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जिनिव्हाने खुर्च्या हळूच भिंतीला टेकवून ठेवल्या, आणि रिकाम्या हातांनी निघून गेली.

त्यानंतर आयवा वाट बघत राहिली. आज येईल, उद्या येईल, दार वाजवील, वाटेल ते बोलेल. काय उत्तर द्यायचं तेही तिने जुळवून ठेवलं होतं: अचानक आठवला, मी सांगणारच होते. आठवडा गेला, दुसरा गेला. रविवारी जिनिव्हा नेहमीसारखी हसली, नेडच्या गुडघ्याची चौकशी केली. कुणाला सांगितलंय म्हणावं, तर कुणाच्या वागण्यात फरक नाही. आयवाला रात्री झोप लागत होती, जेवण जात होतं, फक्त फोन वाजला की ती नेडला उचलायला लावायची. माझी लबाडी कळूनही ही हसू शकते, आयवाला वाटलं; मला तर एक दिवस निभावलं नसतं. आणि आता याचाही हेवा तिला वाटायला लागला.

ऑक्टोबरात, डोंगर पिवळे-तांबडे असताना, अनावरण झालं. काउंटीचे दोन अधिकारी आले, शाळेचा बँड आला, जमातीचे लोक खालच्या गावांहून मोटारी भरून आले. शे-सव्वाशे माणसं असतील, पण चेरोकी कळणारी फार तर नऊ-दहा, आणि ती सगळी पुढच्या खुर्च्यांवर. पोझीमामा इस्पितळातून वाचून आले होते. चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर गोधडी. टायसनने कापड ओढलं. वर इंग्रजी, खाली चेरोकी, तपकिरी धातूवर सोनेरी अक्षरं. छान दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टायसन म्हणाला, खोऱ्यातल्या सगळ्यांत वडील माणसाने हे आपल्या भाषेत वाचून दाखवावं.

मामांची खुर्ची पाटीला खेटून नेली. त्यांनी बोट अक्षरांवर ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण सगळे गप्प होते. किल्ला झाला, कुंपण झालं, पश्चिमेची वाट झाली. मग बोट थांबलं. त्यांनी तेच दोन शब्द पुन्हा वाचले.

“पळून गेले?” ते चेरोकीत म्हणाले. “कोण पळालं? आमची माणसं पळाली नाहीत. हे कुणी लिहिलं?”

मागच्या लोकांना वाटलं, म्हातारबाबा आशीर्वाद देताहेत. काउंटीचा एक अधिकारी हात जोडल्यासारखे धरून मान डोलवत होता. पुढच्या ओळीतले मात्र खुर्च्यांवर चुळबुळायला लागले, आणि एकेक करून जिनिव्हाकडे बघायला लागले.

जिनिव्हा उठली. “मी लिहिलं, मामा,” तीही चेरोकीतच म्हणाली. “आजीचा शब्द मला आठवला नाही. चूक माझी आहे.”

“क्लीव्हलंड,” मामा म्हणाले. तेवढंच. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

याच घटकेची आयवाने पाच महिने वाट बघितली होती. सगळ्यांदेखत, पायऱ्यांवर नव्हे तर खुद्द पाटीसमोर, जिनिव्हा खाली मान घालून उभी होती. आयवाच्या अंगातून एक सुखाची लहर गेली, खरंच गेली. ती एक श्वासभर टिकली. कारण लगेच मामांनी हात लांब केला, जिनिव्हाचा हात धरला आणि वर थोपटलं. “असू दे,” ते म्हणाले. “विसरलीस तरी परत तर आलीस.” जिनिव्हाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईने तिला रुमाल दिला. आयवाने ते बघितलं. चूक करूनही तिच्याच वाट्याला हे. पंचेचाळीस वर्षं गायब राहायचं, शब्द विसरायचा, आणि वर हात थोपटून घ्यायचा. इथे राहून, रोज सगळं सांभाळणाऱ्या माणसाचा हात कुणी कधी धरला होता?

ती कधी उठली ते तिला कळलं नाही.

“मला येतो तो शब्द,” ती चेरोकीत मोठ्याने म्हणाली, आणि म्हणून दाखवला. “मला पहिल्यापासून येत होता. मी कधी विसरले नाही.”

ती हे मिरवायला बोलली होती. आपण काय बोललो ते तिला नंतर ऐकू आलं. पुढच्या रांगेतली नऊ-दहा माणसं तिच्याकडे बघत होती, आणि हिशेब त्यांच्या चेहऱ्यांवर सावकाश जुळत होता. जिनिव्हा शेजारी राहते. जिनिव्हाने विचारलं असणार. नमुन्यावर सही कुणाची आहे?

पोझीमामांनी खुर्ची तिच्याकडे वळवून घेतली. “तिने तुला विचारलं होतं का?”

“विचारलं होतं.”

“आणि तू?”

“आठवत नाही म्हणाले.”

टायसनला चेरोकी चार वाक्यांपलीकडे येत नव्हतं. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं. तो माइकपाशी आला आणि हसून इंग्रजीत म्हणाला, की आयवामावशी काय म्हणाल्या ते कुणी सगळ्यांना सांगेल का. कुणीच पुढे होईना. मग जिनिव्हाच इंग्रजीत म्हणाली, “ती म्हणतेय की एक शब्द बदलला तर मजकूर जास्त चांगला होईल.”

आयवा तिच्याकडे बघत राहिली. पुन्हा तीच. झाकायलाही तीच. आयवाला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नव्हता. ती चालत माइकपाशी गेली. तिचं इंग्रजी चांगलं होतं.

“मी असं म्हणाले नाही,” ती म्हणाली. “पाटीवर चूक आहे. हिने मला बरोबर शब्द विचारला होता. मला येत होता. मी सांगितला नाही, कारण काम हिला मिळालं, मला नाही.”

आता शे-सव्वाशे माणसांना कळलं होतं. बँडमधल्या कुणाची तरी झांज हातातून सुटून गवतावर पडली. काउंटीच्या अधिकाऱ्याने जोडलेले हात सोडवून खिशात घातले.

घरी जाताना नेडने वळण संपेपर्यंत गाडी सावकाश चालवली. मग म्हणाला, “दोनदा सांगायची गरज होती का? चेरोकीत सांगितलंस तेवढं पुरे होतं.”

“तिने चुकीचं भाषांतर केलं.”

“हो,” नेड म्हणाला. “ते मात्र खपवून घेण्यासारखं नव्हतं.” आणि थोड्या वेळाने, रस्त्यावरून नजर न काढता, “तुला पाणी हवंय का?” तिला हवं होतं. त्याने ओढ्याकाठी गाडी थांबवली.

लोक वाईट वागले असं नाही. कुणी वर्गातून पोर काढलं नाही. पण चर्चमध्ये भजन उचलायची वेळ आली की आता क्षणभर शांतता पसरायची, आणि मग दुसरंच कुणीतरी सुरू करायचं. आयवा त्यांच्या मागून म्हणायची. नोव्हेंबर, डिसेंबर असेच गेले. जिनिव्हा रस्त्यात भेटली तरी मान हलवून पुढे जायची. नेडच्या गुडघ्याची चौकशीही बंद झाली. ही शिक्षा आयवाला कळत होती, आणि तिला ती बरीही वाटत होती. निदान हे दोघींमधलं होतं.

जानेवारीत कचेरीचं पत्र आलं. पाटी पुन्हा ओतता येणार नाही. मात्र खाली एक अरुंद पट्टी जोडता येईल, एका ओळीची. मजकूर दोघींनी मिळून द्यावा. टायसनने दोघींची नावं पाकिटावर एकाखाली एक लिहिली होती, आयवाचं वर. तिला ते आवडलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून पाकीट उलटं ठेवलं.

जिनिव्हा आली ती कोट न काढता बसली. वही उघडली. “सांग,” ती म्हणाली.

आयवाने शब्द सांगितला. जिनिव्हाने लिहिला. एका अक्षरावरून दोघींचं जुंपलं. आयवाचं म्हणणं एक, जिनिव्हाचं दुसरं. आयवाने वर्गातला तक्ता आणला, जिनिव्हाने आजीचं जुनं बायबल पिशवीतून काढलं. ते बायबल क्लीव्हलंडला गेलं होतं हे आयवाला माहीत नव्हतं. एवढी वर्षं तिला वाटत होतं, आजीबरोबर पुरलं.

“ते तिने तुला दिलं?”

“मी न विचारता घेतलं,” जिनिव्हा म्हणाली. “जायच्या दिवशी.”

आयवा खाली बसली. मग तिने सांगितलं. आजी कशी गेली, शेवटी कुणाचं नाव घेतलं, पाणी कुणी दिलं. सांगताना ती जिनिव्हाच्या तोंडाकडे बघत होती. कुठेतरी तिला वाटत होतं, जिनिव्हा आता म्हणेल, मलाही तुझा हेवा वाटायचा. तू घरात होतीस, तू तिच्याजवळ होतीस, मी परक्या गावात चादरी धूत होते. तेवढं म्हणाली असती तर बरोबरी झाली असती.

जिनिव्हाने ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

“मला तुझा कधी हेवा वाटला नाही, ताई,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? मला इथून सुटायचं होतं, मी सुटले. तुझा विचार मी वर्षानुवर्षं केला नसेल. वाईट वाटतं आता त्याचं. पण तसंच होतं ते.”

स्टोव्हवर कॉफी उतू गेली. आयवाने उठून ती खाली घेतली, फडक्याने पुसलं, दोन कपांत ओतली. तिला वाटलं होतं दुखेल, आणि दुखलंच. पण बेचाळीस वर्षं ज्या भांडणात ती एका बाजूने ओढत होती, त्याचं दुसरं टोक कुणी धरलेलंच नव्हतं, हे कळल्यावर तिच्या हातांतली ताकदच गेली.

“साखर?” तिने विचारलं.

“दोन,” जिनिव्हा म्हणाली, आणि कोट काढला.

अक्षर जिनिव्हाचं राहिलं. बायबलात तसंच होतं, आयवाने स्वतः दोनदा बघून घेतलं.

पट्टी मार्चच्या शेवटी आली. या वेळी बँड नव्हता, खुर्च्या नव्हत्या. टायसनने गाडीतून ड्रिल काढलं आणि चार स्क्रू मारले. पोझीमामांना थंडीमुळे आणता आलं नव्हतं; त्यांनी निरोप पाठवला होता की फोटो काढून आणा, आणि अक्षरं वाचता येतील एवढा मोठा काढा. दोघी ओट्यापाशी उभ्या होत्या, शेजारी शेजारी, हात कोटाच्या खिशांत. रस्त्यावरून लाकडांचा ट्रक गेला. तो लांब जाईपर्यंत जिनिव्हा थांबली, आणि मग तिने ती ओळ मोठ्याने वाचली.

तिने शब्द म्हटला आणि आयवाने चमकून बघितलं. शब्द तोच होता, पण शेवटी सूर खाली न पडता किंचित वर जाऊन थांबला. आजी तसंच म्हणायची. आयवाने तो शब्द पोरांवर इतकी वर्षं ओरडून वापरला होता, की तिच्या तोंडी त्याचं शेपूट कधीच तुटून गेलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता. हेही हिच्यापाशी. तिने पट्टीवरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. टायसन ड्रिलची वायर गुंडाळत होता.

“परत म्हण,” ती म्हणाली.

जिनिव्हाने परत म्हटला. आयवाने तो तिच्या मागून म्हटला; शेवटी आवाज वर नेला, जरा जास्तच गेला. जिनिव्हाने मान हलवली, नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा, सावकाश, म्हणून दाखवला.